चारशे बत्तीसचा चकवा

दर थोड्या दिवसांनी एक संदेश फिरून फिरून मोबाइलवर येतो. विश्वाची ‘नैसर्गिक’ कंपनसंख्या म्हणे ४३२ हर्ट्झ. ऋषिमुनींची वाद्येही त्यावरच लावलेली होती, पुढे नाझी प्रचारमंत्री गोबेल्सने माणसांना अस्वस्थ ठेवण्यासाठी जगावर ४४० हर्ट्झ लादले. पुराव्याला कलियुगाची ४,३२,००० वर्षे हजर असतातच.

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपने. आणि सेकंद? दिवसाचे ८६,४०० भाग माणसांनीच पाडले. पंचांगाचे माप वेगळे: पळ २४ सेकंदांचे, विपळ ०.४ सेकंदाचे. त्या हिशेबाने ४३२ हर्ट्झचा स्वर विपळाला १७२.८ वेळा कंप पावतो. म्हणजे घटका-पळे मोजणाऱ्यांच्या मापात या पवित्र आकड्याला धड पूर्णांकही मिळत नाही!

खरी गंमत पुढे आहे. ४४० की ४३२, हा वाद पाश्चात्त्य संगीतातल्या ‘ए’ या स्वराचा. पेटीवर ती पांढरी सहा. हिंदुस्थानी संगीतात सा ठरतो तो गाणाऱ्याच्या गळ्यावरून. कुणी काळी एक धरतो, कुणी काळी दोन. बायका बहुधा काळी चार-पाचच्या आसपास गातात. तंबोरा त्या गळ्याला लावायचा, ब्रह्मांडाला नव्हे. काळी एकचा सा धरला, तर पांढरी सहा होते कोमल धैवत. म्हणजे त्या पट्टीत भूप गाणाऱ्याला हा स्वर लागतच नाही. मग त्याने नेमके कोणते विश्व गमावले?

गोबेल्सचे म्हणाल, तर त्याचा जन्म १८९७ चा. ४४० ची शिफारस श्टुटगार्टच्या शास्त्रज्ञ परिषदेत १८३४ मध्येच झाली होती. त्या काळी युरोपात गावोगाव पट्टी निराळी असे. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवले, इंग्लंडात पुढे ४३९ रुळले. अखेर मे १९३९ मध्ये लंडनच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत ४४० वर एकमत झाले. ४३९ मागे पडण्याचे कारण तर अगदीच रुक्ष आहे. बीबीसीला प्रमाण स्वर दहा लाख हर्ट्झच्या स्फटिकापासून तयार करायचा होता. दहा लाखांना हजाराने भागा, अकराने गुणा, पंचविसाने भागा, ४४० मिळतात. ४३९ ही मूळ संख्या, तिथे अशी सोय नाही. कटकारस्थान कसले, भागाकाराची अडचण!

दोन्ही स्वरांतला फरक अर्ध्या स्वराच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडा कमी आहे. लागोपाठ वाजवले, तर तो कळतो. बासरीतली हवा पंचवीस अंशांवरून पस्तिसावर गेली, तर तिच्यातला ध्वनीचा वेग वाढतो आणि ४४० चा स्वर सुमारे सात हर्ट्झने चढतो. ४३२ आणि ४४० मधले अंतर आठ हर्ट्झचे! म्हणून काही उन्हाळ्यात बासरी ऐकून कुणी हिंसक झाल्याचे ऐकिवात नाही.

‘पण संशोधन झालंय’ असे कुणी म्हणेलच. झाले आहे. इटलीत ३३ जणांवर केलेला एक प्राथमिक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ४३२ चे संगीत ऐकताना हृदयाचे ठोके थोडे कमी आढळले. मात्र हा प्रयोग अधिक लोकांवर पुन्हा करून पाहावा, असे खुद्द संशोधकांनीच सुचवले. तेवढ्यावर आजार बरे करण्याची दुकाने उघडणे हा शुद्ध कावा आहे.

याच वर्गातले आणखी काही पाहुणे. ‘नासा’ने सूर्याचा ओंकार टिपला म्हणतात, पण सूर्य आणि पृथ्वी यांच्यामध्ये ध्वनी वाहून आणील एवढी हवाच नाही, ते सूर्याच्या कंपनांच्या नोंदींना दिलेले ध्वनिरूप असते. बारीक आवाज वेगाने धावतो, हेही खोटे. नाहीतर मिरवणुकीतली झांज ढोलाआधी पोहोचली असती. ऐंशी डेसिबल म्हणजे चाळीसची दुप्पट नव्हे: दर दहा डेसिबलला ध्वनीची तीव्रता दसपट होते, कानाला मात्र आवाज साधारण दुप्पट वाटतो. आणि रेकॉर्डिंगमधला आपला आवाज परका वाटतो तो यंत्राच्या दोषामुळे नव्हे. बोलताना तो आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो.

पुन्हा तो संदेश आला, तर पाठवणाऱ्याला एकच विनंती करावी. तंबोऱ्याच्या ॲपमध्ये ४४० च्या जागी ४३२ घालता येतात. दुसऱ्या कुणाला तरी आकडा लपवून, रोज एकदाच, एकच तंबोरा लावायला सांगावे आणि तो ४३२ चा की ४४० चा, याची आपली उत्तरे दहा दिवस लिहून ठेवावीत. निकाल हाती आल्यावर खुशाल फॉरवर्ड करावे.