पहिली चढाई कोणाची?

श्रोतेहो, शिरूर आणि दौंड या दोन तालुक्यांत यात्रांचे दिवस आले, की दोन गोष्टींना ऊत येतो. एक कुस्त्यांचा फड आणि दुसरी कबड्डी. फडावरची कुस्ती दोघांत असते, तिचा निकाल दोघांतच लागतो. कबड्डीचे तसे नाही. सामना संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात व्हायचा असतो, पण वादाला सकाळपासूनच तोंड फुटते. घोडनदीच्या बाजारात म्हणा, दौंड जंक्शनबाहेर चहाच्या गाड्यावर म्हणा, पाटस-यवतच्या पारावर म्हणा, विषय एकच : आपल्या संघाची चढाई कोणाच्या जिवावर चालवायची?

“त्याच्या पायात वीज हाय, त्यालाच पुढं घाला,” असे एक जण म्हणतो.

“वीज हाय, पण दम कुठंय? दोन चढायांत बाहेर बसतोय गडी. त्यापरीस आमच्या वस्तीवरचं पोरगं घ्या,” असे दुसरा म्हणतो.

मग तिसरा मध्ये पडतो, जुन्या सामन्यांचे दाखले निघतात, आवाज चढतात. आणि चहा निवून जातो.

हा वाद काही आपल्याकडेच आहे असे नाही. कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर पेठापेठांचे फुटबॉल संघ उतरतात, तेव्हा तिथले शौकीनही असेच भांडतात, की आघाडीला कोणता खेळाडू हवा. बंगालमध्ये, गोव्यात हीच कथा. गोल करणाऱ्यावर लोकांचा जीव असतो, तसा आपल्याकडे चढाईबहाद्दरावर. पण या दोन खेळांत एक मोठा फरक आहे आणि तो ध्यानात घेतल्याशिवाय आपल्या वादाचा निकाल लागायचा नाही. फुटबॉलमधला आघाडीचा गडी दहा वेळा चुकला तरी मैदानावरच असतो. अकराव्या वेळी तो गोल करू शकतो. कबड्डीत मात्र गडी पकडला गेला, की तो उठून बाहेर जातो. म्हणजे त्याची चूक एका गुणापुरती राहत नाही. ती सगळ्या संघाच्या अंगाला लागते.

आता हे जरा सोपे करून पाहू. तुमचा गडी चढाईला गेला आणि एकाला शिवून परत आला. तुम्हांला एक गुण मिळाला, त्यांचा एक गडी बाहेर गेला, शिवाय तुमचा आधी बाद झालेला एक गडी असेल तर तो जिवंत होऊन आत आला. आता उलट बघा. तुमचा गडी पकडला गेला. त्यांना एक गुण, तुमचा एक गडी कमी, आणि त्यांचा बाद गडी आत. म्हणजे गुणाचा फरक एकाचा दिसतो, पण मैदानावरच्या माणसांचा फरक दोनाचा पडतो. बोनसचे आणखी निराळे. समोर सहा किंवा सात गडी असताना बोनस रेषा ओलांडून आले तर गुण मिळतो खरा, पण त्या गुणावर आपला बाद गडी जिवंत होत नाही. नुसते बोनस आणणारा गडी फळ्यावर चांगला दिसतो. बाहेर बसलेले सोबती मात्र बाहेरच राहतात.

शिवाय जिवंत होण्याचाही क्रम असतो. जो आधी बाद झाला तो आधी आत येतो. त्यामुळे तुमचा मोठा चढाईबहाद्दर चौथा बाद झाला असेल, तर आधीचे तिघे आत आल्यावर त्याची पाळी. तोपर्यंत गुण आणायचे कोणी? ज्या संघाकडे एकच चढाई करणारा आहे, त्या संघाचे घोडे इथेच पेंड खाते. उरलेल्यांना चढाईची सवय नसते, ते मध्यरेषेजवळ फिरून परत येतात आणि बघता बघता लोण चढतो. लोणाचे दोन गुण वर जातात ते वेगळेच.

मग गडी पारखायचा कसा? एक साधे गणित करू. समजा, आपल्याकडे दोन मुले आहेत. पहिल्याने वीस चढायांत नऊ गुण आणले आणि सहा वेळा पकडला गेला. दुसऱ्याने वीस चढायांत सातच गुण आणले, पण दोनदाच पकडला गेला. पारावरचा माणूस म्हणणार, पहिला मोठा. नऊ कुठे आणि सात कुठे! पण हिशेब मांडा. पहिल्याने नऊ आणले आणि सहा दिले, पदरात राहिले तीन. दुसऱ्याने सात आणले आणि दोन दिले, पदरात पाच. आपण कांद्याची पट्टी हातात आली, की नुसता भाव बघत नाही. हमाली, तोलाई आणि भाडे वजा जाता हातात काय आले ते बघतो. चढाईचेही तसेच आहे.

तर मग दुसऱ्यालाच सगळ्या चढाया द्याव्यात का? तेही नाही, कारण रिकाम्या चढायांचीही एक बाजू आहे. आता बहुतेक स्पर्धांत संघाच्या दोन चढाया लागोपाठ रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण आणावाच लागतो. नाहीतर चढाई करणारा बाद. ही तिसरी चढाई म्हणजे खरी परीक्षा. वेळ तीसच सेकंदांचा असतो, समोरच्यांना ठाऊक असते की हा आत येणारच, आणि ते दबा धरून बसलेले असतात. जपून खेळणारे पोर इथे गडबडते, आणि तो वीज पायात असलेला गडी इथेच कामाला येतो. तेव्हा मोठा कोण, या प्रश्नाला एक उत्तर नाही. कोणत्या वेळी कोण, असे विचारले तरच उत्तर निघते.

याचा अगदी ताजा दाखला आपल्याच जिल्ह्याच्या नावाने खेळणाऱ्या संघाचा आहे. प्रो कबड्डी लीग २०१४ साली सुरू झाली. पुणेरी पलटण हा संघ तिच्यात पहिल्यापासून आहे, पण विजेतेपदाने त्याला बरीच वर्षे हुलकावणी दिली. २०२२ च्या हंगामात अंतिम सामन्यात जयपूरकडून ३३-२९ अशी हार पत्करावी लागली. अखेर १ मार्च २०२४ रोजी हैदराबादला पलटणने हरियाणा स्टीलर्सचा २८-२५ असा पराभव करून पहिले विजेतेपद मिळवले. त्या संघाचा कर्णधार अस्लम इनामदार, आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यातला. हंगामातला सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याचाच गौरव झाला. आदल्या वर्षी, ऑक्टोबर २०२३ मध्ये हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघातही तो होता, आणि पलटणचाच आकाश शिंदेही होता.

आता गंमत पाहा. त्या अंतिम सामन्यात सर्वांत जास्त गुण अस्लमने आणले नाहीत. ते आणले पंकज मोहितेने. त्याने नऊ गुण मिळवले, आणि त्यांतले चार तर एकाच चढाईत. एवढ्या अटीतटीच्या सामन्यात, तीन गुणांनी निकाल लागला असताना, एका चढाईचे चार गुण म्हणजे काय, हे सांगायला नको. मोहित गोयतनेही आपला वाटा उचलला. म्हणजे समोरच्या संघाने अस्लमवर नजर ठेवावी तर पंकज आत शिरतो, पंकजला अडवावे तर मोहित. आणि बचावाला इराणचा मोहम्मदरेझा शादलूई होता. त्या हंगामातला सर्वोत्तम पकडपटू तोच ठरला.

आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. त्या हंगामात सर्वोत्तम चढाईपटूचा मान मिळाला दिल्लीच्या अशू मलिकला. त्याचा संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला नाही. पुढच्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने तीनशेहून अधिक गुण आणले, सगळ्यांना मागे टाकले. पण २९ डिसेंबर २०२४ रोजी आपल्या बालेवाडीतच झालेल्या अंतिम सामन्यात चषक नेला हरियाणाने, ३२-२३ असा. दोन्ही वर्षी सर्वांत मोठा चढाईबहाद्दर एकीकडे आणि चषक दुसरीकडे! यावरून चढाईबहाद्दर नकोच असे मी म्हणत नाही. देवांक नसता तर पाटणा अंतिम सामन्याला आलेच नसते, असेही कोणी म्हणेल आणि ते खोटे नाही. पण एकट्याच्या खांद्यावर गाडा किती लांब जातो, हे या दोन हंगामांनी दाखवून दिले.

आणि खांदा म्हटला की दुखणे आलेच. त्याच २०२४ च्या हंगामात अस्लम इनामदारच्या गुडघ्याला दुखापत झाली, त्याला बाहेर बसावे लागले, आणि गतविजेत्या पलटणला बाद फेरीही गाठता आली नाही. २०२५ मध्ये संघ पुन्हा उभा राहिला, अंतिम सामन्याला गेला आणि दिल्लीकडून ३१-२८ असा थोडक्यात हरला. मोठ्या संघाजवळ वैद्य असतात, मालिश करणारे असतात, मॅट असते. आपल्या गावच्या पोराजवळ काय असते? उसाच्या किंवा कांद्याच्या रानात दिवसभर राबून, नाहीतर रांजणगावच्या कारखान्यातली पाळी संपवून ते रात्री मैदानात उतरते. आणि आपण बाहेरून ओरडतो, “त्यालाच सोडा, त्यालाच सोडा!” गुडघा एकदा गेला, की यात्रेतला सामनाच नव्हे, पोलीसभरतीची धावही गेली. कबड्डीच्या जोरावर पोलीस, रेल्वे अशा खात्यांत पोटाला लागलेली खेड्यांतली मुले थोडी नाहीत. तेव्हा चढाया वाटून देणे हा नुसता डावपेच नव्हे. त्यात एका घरच्या भाकरीचा प्रश्न असतो.

शिक्षक बंधु-भगिनींना इथे एक विनंती करावीशी वाटते. शाळेचा संघ निवडताना तुमच्यावर येणारे दडपण मला ठाऊक आहे. कोणी म्हणतो सरपंचांचा पुतण्या पुढे घाला, कोणी म्हणतो आमच्या आळीचा. तुम्ही तोंडी उत्तर दिलेत, की वाद वाढतो आणि मास्तर पक्षपाती ठरतात. त्यापेक्षा एक वही करा. प्रत्येक मुलापुढे पाच रकाने आखा : चढाया किती, शिवून आणलेले गुण किती, बोनस किती, पकडला किती वेळा गेला, आणि तिसऱ्या चढाईत काय केले. चार-सहा सराव सामने लिहून काढा. लिहिण्याचे काम जे मूल खेळत नाही त्याला द्या. त्याचा गणिताचा तास आपोआप होईल. मग ती वही मुलांसमोर, हवे तर पालकांसमोर उघडा. सुरुवातीच्या चढाया कोणाच्या, तिसरी कोणाची, आणि आपले दोन-तीनच गडी उरले असताना कोणी जायचे, हे सामन्याच्या आधीच ठरू द्या. ज्याचे नाव मागे पडले त्यालाही कळते, की आपण कुठे कमी पडलो आणि काय केले म्हणजे पुढे येऊ.

हे मुलींच्या संघालाही तंतोतंत लागू आहे. हांगचौला आपल्या मुलींनी सुवर्णपदक मिळवले ते चिनी तैपेईविरुद्ध २६-२५ असे, अवघ्या एका गुणाने. त्या संघात पुण्याची स्नेहल शिंदे होती. एका गुणाने सुवर्ण मिळते, तेव्हा एक पकड वाचवणेही सुवर्णाइतकेच मोलाचे असते.

तर श्रोतेहो, वाद घालू नका असे मी मुळीच म्हणणार नाही. वाद नसेल तर यात्रेची गोडी ती काय! फक्त वाद घालताना वस्ती, आळी आणि भावकी जरा बाजूला ठेवा. एका नावावरून संघाची दोन शकले झालेली आणि दोन्ही शकले पहिल्याच फेरीत हरलेली आपण पाहिलेली आहेत. पुढच्या वेळी कोणी म्हणाले, “आमचाच गडी मोठा,” तर त्याला नम्रपणे एवढेच विचारा : “पाव्हणं, त्यानं आणलं किती आणि दिलं किती?”