शिवणाचा कोपरा आवरताना

ज्या घरात शिवणयंत्र आहे, त्या घरात राहून गेलेल्या कामांचे एक गाठोडेही बहुधा असतेच. बेतून ठेवलेले पण न शिवलेले झबले, फॉल लावायची राहिलेली साडी, एका बाहीपाशी थांबलेला लोकरीचा स्वेटर, चौकोन कापून झाले पण जोडले गेले नाहीत अशी गोधडी. ‘सवड मिळाली की करू’ असे म्हणत आपण वर्षानुवर्षे त्यात भर घालत आलो. आता सवड आहे. परंतु डोळे पूर्वीसारखी साथ देत नाहीत, बोटे आखडतात आणि गाठोड्याची गाठ सोडायची म्हटली तरी मनावर दडपण येते. प्रस्तुत लेख त्या गाठोड्याविषयी आहे, आणि ते सोडणाऱ्या हातांची काळजी घेणाऱ्या मुला-सुनांसाठीही आहे.

प्रारंभीच एक कबुली द्यायला हवी. चार वर्षांपूर्वी माझी आई शिवणाच्या खोलीत पडली. यंत्राशेजारी ठेवलेल्या पिशवीच्या बंदात पाय अडकला आणि खुब्याचे हाड मोडले. तेव्हा तिचे वय एकोणऐंशी होते. शस्त्रक्रिया होऊन ती घरी येण्यापूर्वी आम्ही भावंडांनी दोन दिवसांत ती खोली रिकामी केली. यंत्र भिंतीला लावले, बरे कपडे बोहारणीला दिले, चिंध्या टाकून दिल्या. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी आईने विचारले, “अगं, ते निळ्या चादरीतलं गाठोडं कुठं ठेवलंत?” त्यात तिच्या आईच्या लुगड्याची, निम्मी टाके घातलेली गोधडी होती. आम्हाला ते ठाऊकच नव्हते. त्यानंतर तिने त्याविषयी एक शब्दही काढला नाही. मात्र पुढचे आठ महिने ती यंत्रापाशी बसली नाही. तिने व्यायाम केले, औषधे घेतली, ती काठी घेऊन चालूही लागली. पण दुपारी दोन ते चार ही जी तिची हक्काची वेळ, ती खिडकीशी नुसती बसून जाऊ लागली.

पिशवी त्या जागी असायला नको होती, हे खरे. गाठोडे तिला न विचारता जायला नको होते, हेही तितकेच खरे. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी सांभाळता येतात, हे आम्हाला उशिरा उमगले.

अर्धवट कामाचे ओझे

राहिलेले काम मनात रेंगाळते, हा आपणा सर्वांचा अनुभव आहे. ब्लूमा झायगार्निक या मानसशास्त्रज्ञ महिलेने १९२७ साली बर्लिन येथील आपल्या प्रयोगांवरून असे मांडले की, मध्येच थांबवलेली कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा अधिक लक्षात राहतात. पुढच्या काळात सर्वच प्रयोगांतून याला दुजोरा मिळाला असे नाही. तरीही कपाट उघडताच समोर येणारे अपुरे शिवण पाहून जी खंत वाटते, ती कोणत्याही गृहिणीला समजावून सांगावी लागणार नाही. ही खंत कमी करण्याचे मार्ग दोन. काम पूर्ण करावे, अथवा ते आता करायचे नाही असे स्वतःच ठरवून मोकळे व्हावे. दुसरा मार्गही पहिल्याइतकाच सन्मानाचा आहे. अट एकच, निर्णय ज्याचे काम आहे त्याचा असावा.

गाठोडे सोडण्याची रीत

संपूर्ण खोली एका दिवसात आवरण्याचा अट्टहास करू नये. एका बैठकीला एकच गाठोडे आणि फार तर अर्धा तास. जमिनीवर वाकून बसण्यापेक्षा टेबलाशी खुर्चीवर बसावे; वरच्या फळीवरचे किंवा पलंगाखालचे सामान घरातल्या दुसऱ्या कोणी काढून द्यावे. स्टुलावर चढणे कटाक्षाने टाळावे.

प्रत्येक वस्तू हातात घेऊन दोन प्रश्न विचारावेत: हे कोणासाठी घेतले होते? आणि आज ते कोणाला हवे आहे? ज्या नातवासाठी झबले बेतले, तो आता महाविद्यालयात जात असेल. उत्तर मिळाले की वस्तूंचे तीन भाग आपोआप पडतात. पूर्ण करायच्या वस्तू, दुसऱ्याला द्यायच्या वस्तू आणि निरोप द्यायच्या वस्तू. पूर्ण करायच्या वस्तू पाचांहून अधिक ठेवू नयेत. प्रत्येकीबरोबर लागणारा दोरा, बटणे, हूक एकाच पारदर्शक पिशवीत घालावेत आणि काय राहिले आहे ते ठळक अक्षरांत चिठ्ठीवर लिहावे. ‘उजवी बाही जोडणे, तीन काजे’ एवढे पुरे. महिन्याभराने पिशवी उघडली तरी पुन्हा पहिल्यापासून आठवत बसावे लागत नाही.

जुने सामान वापरण्यापूर्वी त्याची पारख करावी. दोऱ्याचा हातभर तुकडा दोन्ही हातांनी झटका देऊन ओढावा. सहज तुटला तर ते रीळ कामाचे नाही. कापड उजेडापुढे धरून ओढून पाहावे. घडीच्या रेषेवर ते विरले असेल तर तेवढा भाग कापून टाकावा. गडद रंगाच्या कापडाचा कोपरा ओला करून पांढऱ्या फडक्यावर दाबावा. डाग उमटला तर ते फिक्या कापडाला जोडू नये.

एक सूचना विशेष महत्त्वाची. तान्ह्या बाळासाठी दुपटे किंवा झबले करायचे असेल आणि कापड डांबराच्या गोळ्यांत ठेवलेले असेल, तर ते नीट धुऊन, उन्हात वाळवून, वास पूर्ण गेल्याखेरीज वापरू नये. या गोळ्यांतील नॅप्थॅलीनमुळे, विशेषतः ‘जी-सिक्स-पीडी’ या विकराची जन्मजात कमतरता असलेल्या अर्भकांच्या रक्तातील तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते.

डोळे, हात आणि पाय यांसाठी जागा

साठीतल्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. त्यामुळे पूर्वी पुरणारा दिवा आता पुरत नाही, यात आश्चर्य नाही. यंत्र खिडकीपाशी असावे. उजव्या हाताने शिवणाऱ्यांसाठी उजेड डाव्या खांद्यावरून यावा, म्हणजे हाताची सावली टाक्यावर पडत नाही. मान वळवता येणारा दिवा कामावर असावा, डोळ्यांवर नव्हे. काळ्या कापडावरचे काळ्या दोऱ्याचे काम सकाळच्या उजेडासाठी राखून ठेवावे. चष्मा करताना यंत्राच्या सुईपासून आपल्या डोळ्यांपर्यंतचे अंतर मोजून नेत्रतज्ज्ञांना सांगावे. वाचनाचा चष्मा त्या अंतराला जुळतोच असे नाही. दर वीस मिनिटांनी काम थांबवून क्षणभर दूर पाहावे, उठून चार पावले चालावे.

खुर्ची चाकांची नसावी. दोन्ही पावले जमिनीला पूर्ण टेकावीत आणि पाठीला आधार असावा. रोजच्या वापराचे सामान कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत ठेवावे. जड डबे खाली, क्वचित लागणारे वर. जमिनीवर काहीही नसावे. पिशवी नको, सतरंजी नको, इस्त्रीची लोंबती वायर नको. बटणांसाठी काचेच्या बरणीऐवजी झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे डबे बरे. पडले तरी फुटत नाहीत.

वर्षानुवर्षे बंद राहिलेले यंत्र चालवण्यापूर्वी त्यातील कापसाची धूळ ब्रशने काढावी, सुई नवी बसवावी आणि मशीनचेच तेल थेंब थेंब घालावे. खोबरेल किंवा स्वयंपाकाचे तेल घालू नये. ते चिकट होऊन बसते. गुडघे किंवा घोटे दुखत असल्यास पायमशीनला मोटार बसवता येते. मात्र तिचा वेग अंगवळणी पडेपर्यंत जुन्या कापडावर सराव करावा.

सुई आणि आपले आजार

मधुमेहामुळे तळपायांची संवेदना कमी झाली असेल, तर खाली पडलेली टाचणी पायात शिरल्याचे कळतही नाही. म्हणून शिवणाच्या खोलीत अनवाणी वावरू नये आणि काम संपताच चुंबक फिरवून टाचण्या गोळा कराव्यात. छातीत पेसमेकर असेल, तर चुंबक हाताळण्याचे काम घरातील दुसऱ्याने करावे. सुया मोजून काढाव्यात आणि मोजूनच परत ठेवाव्यात. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी, तसेच बोटांची संवेदना कमी झालेल्यांनी अंगुस्तान घातल्याशिवाय हातशिलाईला बसू नये. धनुर्वाताची लस शेवटची केव्हा घेतली होती, हे पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारावे.

संधिवात असणाऱ्यांनी मोठ्या मुठीची, आपोआप उघडणारी कात्री घ्यावी. सुईत दोरा ओवण्यासाठी पत्र्याची, बारीक तारेची ओवणी कोणत्याही शिवणसाहित्याच्या दुकानात मिळते. घरातल्या मुलांनी सकाळीच आठ-दहा सुयांत दोरे ओवून उशीला टोचून ठेवले, तरी आजीची अर्धी चिडचिड वाचते.

स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या हाती सुई-कात्री एकट्याने देऊ नये. लहान बटणे तोंडात जाण्याचा धोकाही लक्षात घ्यावा. त्यांना कापडांच्या घड्या घालणे, रंग लावून चौकोन रचणे, लोकरीचा गुंडा करणे अशी कामे द्यावीत. ज्या हातांनी चाळीस वर्षे शिवले, त्या हातांना कापडाचा स्पर्श ओळखीचा वाटतो.

लहान कामापासून आरंभ

पूर्ण करायच्या पाच वस्तूंतून सर्वांत लहान वस्तू प्रथम घ्यावी. सुटलेले हूक, राहिलेले काज, उसवलेली शिवण, एका बैठकीत संपेल असे काहीतरी. मोठे काम झेपत नसेल तर त्याचा आकार बदलावा. अपुरी गोधडी दुपट्याएवढ्या आकारावर थांबवता येते. त्याहून कमी कापड असेल तर बसायचे आसन होते, उशीचा अभ्रा होतो. एका बाहीपाशी थांबलेल्या स्वेटरचे बिनबाह्यांचे जाकीट होते. खणाच्या उरलेल्या तुकड्याची चष्म्याची पिशवी होते.

गोधडीची परंपराच मुळी उरलेल्यातून उपयोगी करण्याची. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक अंथरायची आणि धावदोऱ्याने त्यांना एकजीव करायचे, एवढेच तिचे तंत्र. तिला मोजमाप नाही, म्हणूनच ती कोणत्याही वयात, कोणत्याही आकारात पूर्ण होऊ शकते.

ज्यांना शिवण येत नाही, त्यांनीही यापासून दूर राहू नये. अमेरिकेतील टेक्सास विद्यापीठाच्या डॅलस येथील संस्थेत डेनिस पार्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साठीच्या पुढील व्यक्तींना तीन महिने, आठवड्याला सुमारे पंधरा तास, तुकडे जोडून रजई शिवणे, डिजिटल छायाचित्रण किंवा ही दोन्ही कौशल्ये नव्याने शिकवली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार, निव्वळ गप्पागोष्टी किंवा सोप्या करमणुकीत वेळ घालवणाऱ्यांच्या तुलनेत या शिकणाऱ्यांची स्मरणशक्ती सुधारलेली आढळली. एका अभ्यासावरून फार मोठे दावे करू नयेत. परंतु नवे आणि थोडे कठीण काम शिकण्यात मेंदूचे हित आहे, एवढे त्यातून निश्चित घ्यावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

आपली घाई आम्ही जाणतो. पडण्याची भीती रास्तच आहे आणि पसारा हे पडण्याचे कारण असते. तरीही तीन पथ्ये पाळावीत. वाटेतले सामान आजच हलवावे, मात्र टाकू नये. खोक्यात भरून त्यावर नाव लिहावे. आई-वडील रुग्णालयात किंवा परगावी असताना कोणतीही वस्तू घराबाहेर जाऊ देऊ नये. आणि ‘याचं आता काय करायचंय?’ या प्रश्नाऐवजी ‘हे कुणासाठी करत होतीस?’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाने माणूस गप्प होतो. दुसऱ्याने बोलता होतो. कपाटातल्या कितीतरी वस्तू या संभाषणानंतर आनंदाने घराबाहेर जातात.

आमच्या घरी आठ महिन्यांनंतर यंत्राचा खण साफ करताना त्या लुगड्याचे तीन तुकडे सापडले, प्रत्येक वीतभर. या वेळी आम्ही ते आईच्या हातात ठेवले आणि काही न बोलता यंत्र खिडकीपाशी आणून दिले. गोधडी परत येणार नव्हती. तिने त्या तुकड्यांना जुन्या चादरीचे अस्तर लावले, कडेने धावदोरा घातला आणि एक लहानसे आसन केले. त्याला अकरा दिवस लागले. टाके वाकडे आहेत, असे तीच म्हणते. ते आसन तिच्या खुर्चीवर असते आणि दुपारी दोन वाजता ती खुर्ची पुन्हा यंत्रापाशी असते.

पुढचा अंक आपल्या हाती येईपर्यंत एक पंधरवडा आहे. तेवढ्या अवधीत घरातील एकच गाठोडे सोडावे, त्यातील सर्वांत लहान काम निवडावे आणि जवळच्या कोणाला तरी शेजारी बसवून ते पूर्ण करावे.