वायूला जागा कशाने लागते?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचा दट्ट्या हाताला मागे रेटतो, हा अनुभव आपणां सर्वांचा आहे. आत तर काहीच दिसत नाही. मग रेटते कोण? या प्रश्नाचे उत्तर हिशेबाने देण्याच्या सुरुवातीच्या प्रयत्नांपैकी एक आपल्या मुंबईत झाला. जॉन जेम्स वॉटरस्टन हे स्कॉटिश गृहस्थ तेथे ईस्ट इंडिया कंपनीच्या आरमारी उमेदवारांना शिकवीत असत. १८४५ साली त्यांनी या विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीकडे धाडला.

त्यांचा मूळ विचार समजण्यास सोपा आहे. वायूचे रेणू सतत धावत असतात व भांड्याच्या भिंतींवर आदळून परततात. या असंख्य धडकांनाच आपण दाब म्हणतो. आता गती दुप्पट झाली, तर प्रत्येक धडक दुप्पट जोराची होते आणि धडकाही दुप्पट वेळा बसतात. म्हणजे दाब चौपट. म्हणून हिशेबात गतीचा वर्ग येतो. लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांत ही धावपळ सारखी वाटली जाते, म्हणून तिनाने भागावयाचे. तात्पर्य, वायूचे वजन किलोग्रॅममध्ये घेऊन त्याला गतीच्या वर्गाने गुणावे आणि दाबाच्या तिपटीने भागावे, की घनफळ मिळते.

उदाहरण घेऊ. नायट्रोजन २८ ग्रॅम, म्हणजे ०.०२८ किलोग्रॅम. शून्य अंश सेल्सिअसला त्याच्या रेणूंची गती, वर्गांच्या सरासरीवरून काढली असता, सेकंदाला सुमारे ४९३ मीटर येते. तिचा वर्ग २,४३,०४९. दोहोंचा गुणाकार सुमारे ६,८०५. वातावरणाचा दाब दर चौरस मीटरला १,०१,३२५ न्यूटन. त्याची तिप्पट ३,०३,९७५. भागाकार ०.०२२४ घनमीटर, म्हणजे २२.४ लिटर. प्रत्यक्ष मापनही हेच सांगते!

हाच नायट्रोजन थंड करून द्रवरूप केला, तर तो जेमतेम ३५ मिलिलिटर भरतो. म्हणजे ती २२ लिटर जागा रेणूंच्या अंगाने नव्हे, तर त्यांच्या धावपळीने अडविलेली असते. गर्दीच्या मंडईत मोकाट उधळलेला एकच बैल केवढी जागा मोकळी करून घेतो, तसेच हे.

आणि वॉटरस्टन यांच्या निबंधाचे काय झाले? परीक्षकांनी तो निरर्थक ठरविला. तो सोसायटीच्या दप्तरात पडून राहिला, आणि लेखकापाशी त्याची प्रतही नव्हती. पुढे १८५७ साली क्लॉसियस व १८६० साली मॅक्सवेल यांनी हा सिद्धांत नावारूपास आणला. १८८३ साली वॉटरस्टन घराबाहेर पडले, ते परतलेच नाहीत. १८९१ साली लॉर्ड रॅली यांना तो निबंध सापडला व पुढील वर्षी त्यांनी तो छापविला.

विचार कोणी मांडला, कोठून मांडला, हे पाहण्याआधी त्याचा हिशेब जुळतो की नाही, एवढे आपण पाहावे. ती तसदी न घेतल्यामुळे या विषयाची बारा-पंधरा वर्षे वाया गेली. आणि एका माणसाचे तर सारे आयुष्यच उपेक्षेत गेले.