रुतलेले चाक आणि घाईचा जोर
(लेखमाला : वाट आणि वाहन, लेखांक ९)

चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे वाहन वाळूत किंवा चिखलात रुतले, तर नुसत्या रुतण्याने त्याचे सहसा फारसे काही बिघडत नाही. जे बिघडते ते पुढच्या दहा-पंधरा मिनिटांत, चालक ॲक्सिलरेटर दाबून धरतो, जमलेली मंडळी बंपरला दोर बांधतात आणि बोलावलेला ट्रॅक्टर हिसका द्यायला सरसावतो तेव्हा. जळालेली क्लच प्लेट, वाकलेला सस्पेन्शनचा आर्म, मुळापासून उपटलेला बंपर ही बहुतेक वेळा सुटकेची किंमत असते, रुतण्याची नव्हे. ती टाळायची तर क्रम एकच आहे, आणि तो म्हणजे आधी जमिनीचा विरोध कमी करायचा आणि त्यानंतर जेवढा उरेल तेवढ्यापुरताच जोर लावायचा.

‘फोर बाय फोर’ असूनही वाहन अडकते याचे आश्चर्य अनेकांना वाटते, परंतु त्याचे कारण डिफरन्शियलच्या रचनेतच आहे. वळणावर बाहेरच्या चाकाला आतल्या चाकापेक्षा जास्त अंतर कापावे लागते, म्हणून एकाच आसावरील दोन चाकांना निरनिराळ्या वेगाने फिरू देणारी जी दातेरी चक्रांची जुळणी आसाच्या मधल्या गोळ्यात बसवलेली असते, तिला डिफरन्शियल म्हणतात. साधे डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच पीळ (टॉर्क) देते. त्यामुळे एक चाक निसरड्या चिखलात गरगरू लागले की त्याला फिरवण्यापुरता जो क्षुल्लक पीळ पुरतो, तेवढाच दुसऱ्या, पक्क्या जमिनीवरच्या चाकालाही मिळतो आणि ते जागचे हलत नाही. पुढचे एक आणि मागचे एक अशी दोन चाके पकड गमावून बसली, की चारही चाकांची व्यवस्था निरुपयोगी ठरते. डिफरन्शियल लॉक दोन्ही चाके एकमेकांना जखडून हा प्रश्न सोडवते. मात्र हाताने लावायचे लॉक चाके थांबलेली असतानाच लावावे, गरगरत असताना नव्हे, आणि ते लागलेले असताना स्टिअरिंग पूर्ण वळवू नये, कारण सारा ताण आसाच्या दांड्यांवर येतो. ‘फोर-लो’ या गिअरबद्दलही एक गैरसमज घट्ट बसलेला आहे. त्याने चाकांवरचा पीळ दुपटीहून अधिक वाढतो आणि वेग हळू, काबूत राहतो हे खरे, पण पकड वाढत नाही. पकड जमीन आणि टायर यांच्यातच ठरते.

म्हणून चाक गरगरले की पाय तत्काळ उचलणे हा पहिला नियम होय. पुढचा प्रत्येक फेरा चाकाखालची माती उकरून वाहनाला पोटावर बसवतो. शिवाय एक चाक थांबलेले आणि जोडीचे फिरते असेल, तर वेगाचा काटा दोघांची सरासरी दाखवतो, म्हणजे काट्यावर ताशी ५० किलोमीटर दिसत असताना ते एकटे चाक १०० च्या वेगाने फिरत असते. रुतलेल्या स्थितीत काट्यावरचा वेग ५५ च्या वर जाऊ देऊ नये, अन्यथा टायर फुटू शकतो, असा इशारा काही कंपन्यांच्या पुस्तिकांत असतो तो यासाठीच.

वाळूत सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपेक्षित उपाय म्हणजे टायरमधली हवा कमी करणे. रस्त्यावर साधारण ३२ पीएसआय असलेला दाब १८ ते २० पर्यंत उतरवला, की टायरचा जमिनीला टेकलेला भाग रुंदीपेक्षा लांबीने अधिक वाढतो, वजन जास्त पृष्ठभागावर वाटले जाते आणि वाळू खचण्याऐवजी दबून राहते. १५ च्या खाली जाणे धोक्याचे, कारण तीव्र वळणावर टायरची कड रिमवरून सुटू शकते. आणि हवा पुन्हा भरल्याशिवाय डांबरी रस्त्यावर वेग घेणे त्याहून धोक्याचे. दाब उतरवल्यावर पुढे रेटण्यापेक्षा आपल्याच चाकोरीतून हळू मागे येणे सोपे जाते, कारण तेवढी वाळू आधीच दबलेली असते.

कोकणातल्या पुळणीवर या हिशेबात समुद्राचे घड्याळ मिसळते. गोव्यात किनाऱ्यावर वाहन नेण्यास कायद्याने बंदी आहे, महाराष्ट्रातही अनेक किनाऱ्यांवर मनाई आहे, तरी सुट्ट्यांच्या मोसमात लाटांत उभ्या मोटारींच्या बातम्या चुकत नाहीत. ओहोटीला टणक दिसणारी ओली वाळू पाण्याने भरलेली असते आणि चाकाच्या थरथरीने तिचे कण सुटे होऊन ती पातळ होते. ओहोटीपासून भरतीपर्यंत जेमतेम सहा तास मिळतात, आणि मुंबई-अलिबागच्या पट्ट्यात अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाण्याच्या पातळीतला फरक चार मीटरपलीकडे जातो. तेथे पाणी चढत असेल तर माणसे आणि सामान आधी वर न्यावे.

देशावरच्या काळ्या जमिनीचा स्वभाव निराळा आहे. तिच्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते, टायरच्या खाचा भरून टाकते आणि नक्षीदार टायर गुळगुळीत करून सोडते. वर वाहनाच्या पोटाला चिकटून ती हवा आत शिरू देत नाही, त्यामुळे ओढताना मातीचा चिकटाही तोडावा लागतो. येथे फावडे आणि घमेले यांना पर्याय नाही. चाकांच्या पुढे किंवा मागे, ज्या दिशेने निघायचे तिकडे, उतरता चर खणावा, आसाचा गोळा आणि चेसिस मोकळी करावी, खाचांतला चिखल पहारीने काढावा आणि चाकाखाली सपाट दगड, पोती किंवा तुराट्यांचा थर द्यावा. पऱ्हाटीचे खुंट मात्र टाळलेले बरे, कारण हवा उतरवलेल्या टायरची बाजू ते सहज फाडतात.

या खोदकामाची किंमत आकड्यांत दाखवता येते. लष्करी वाहने बाहेर काढण्याच्या अमेरिकी पुस्तिकांतील ढोबळ नियमानुसार, चाकाच्या मध्यापर्यंत रुतलेले वाहन ओढायला त्याच्या वजनाइतका जोर लागतो, आणि मध्याच्या वर, मडगार्डपर्यंत रुतले असल्यास दुप्पट. म्हणजे दोन टनांच्या वाहनाला पहिल्या स्थितीत दोन टन आणि दुसऱ्या स्थितीत चार टन ओढ हवी. अर्ध्या तासाच्या फावडेकामाने वाहन दुसऱ्या स्थितीतून पहिल्या स्थितीत आले, तर दोरावरचा, हुकावरचा आणि चेसिसवरचा दोन टनांचा भार नाहीसा होतो. एवढे काम दुसरे कोणतेही महागडे साधन करत नाही.

यानंतरही टोचन लावावे लागले, तर दोर कोठे बांधायचा हा प्रश्न दोर कोणता यापेक्षाही महत्त्वाचा आहे. चेसिसला पक्का बोल्ट केलेला, ओढण्यासाठीच दिलेला हुकच वापरावा. स्टिअरिंगचे रॉड, सस्पेन्शनचे आर्म आणि ट्रकवर वाहन बांधण्यासाठी दिलेल्या पातळ कड्या या कामाच्या नाहीत. ट्रेलर जोडायचा लोखंडी गोळा तर कधीच वापरू नये, कारण हिसक्याने तो तुटला की तोफगोळ्यासारखा सुटतो, आणि ऑस्ट्रेलियात त्यामुळे माणसे दगावलेली आहेत.

दोरांत दोन जाती ओळखाव्या लागतात. साखळी, तारेचा दोर आणि पॉलिस्टरचा पट्टा फारसे ताणले जात नाहीत, म्हणून त्यांनी फक्त संथ, अखंड ओढ द्यावी. नायलॉनचा ‘कायनेटिक’ दोर ३० टक्क्यांपर्यंत लांबतो आणि ओढणाऱ्या वाहनाची गती साठवून ती हळूहळू रुतलेल्या वाहनाला देतो. ही साठवण वेगाच्या वर्गाने वाढते. दोन टनांचे वाहन ताशी १० किलोमीटरने निघाले तर सुमारे ७,७०० जूल, २० ने निघाले तर जवळजवळ ३१,०००, आणि दोर वा हुक तुटल्यास हे सारे तुटलेल्या तुकड्यात उतरते. त्यामुळे पहिला प्रयत्न ढील न ठेवता, नंतरचे थोडी ढील देऊन आणि चालण्याच्या वेगानेच करावेत, आणि दोराच्या लांबीच्या दीडपट अंतराच्या आत कोणालाही उभे राहू देऊ नये. दोन पट्टे जोडताना मध्ये लोखंडी शॅकल (जोडकडी) घालू नये; एकाचा फास दुसऱ्यातून ओवावा आणि तो नंतर सुटावा म्हणून मध्ये गुंडाळलेले मासिक अडकवावे. (साप्ताहिकांचा हा उपयोग संपादकांच्या लक्षात आलेला नसावा.)

संथ ओढीला यंत्रच लागते असेही नाही. २०२४-२५ च्या हिवाळ्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर रुतलेली फेरारी बैलगाडीने बाहेर काढली गेली, तेव्हा त्या दृश्याची थट्टाच अधिक झाली; वास्तविक बैलांची ओढ हळूहळू चढते, आणि हलक्या, नाजूक बांध्याच्या वाहनाला ती घाईतल्या ट्रॅक्टरच्या हिसक्यापेक्षा मानवते.

विंच, म्हणजे विजेच्या मोटरने दोर गुंडाळणारे पिंप, अधिक नियंत्रित असते. त्यावर छापलेली क्षमता पिंपावरच्या सर्वांत आतल्या थराची असते, पुढच्या प्रत्येक थराबरोबर ती घटते. कप्पी घालून दोर परत आणल्यास विंचवरचा भार जवळजवळ निम्मा होतो. दोर झाडाला बांधायचा तर रुंद पट्ट्यानेच बांधावा, आणि ताणलेल्या दोरावर जाड घोंगडी टाकावी.

बाहेर आलेले वाहन लगेच घाटाला लावू नये. रिमच्या आत साचलेला चिखल वेगात चाक थरथरवतो, रेडिएटरच्या जाळीतला चिखल इंजिन तापवतो, आणि समुद्राचे पाणी लागले असेल तर ब्रेक व चेसिसची खालची बाजू त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवावी लागते. इंजिनात पाणी ओढले गेल्याची शंका असल्यास चावी फिरवू नये, कारण पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तापलेला आस थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसून सीलच्या कडेने पाणी आत खेचते. म्हणून डिफरन्शियलचा नट सोडून तेल पाहावे, आणि ते दुधाळ दिसल्यास बदलून घेईपर्यंत लांबचा प्रवास करू नये.