घराला दारे-खिडक्या कशा असाव्यात?



आपल्या सोलापूर जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो. आमचे घरकुल सध्या बांधायला काढले आहे. पैसे मोजकेच आहेत. बहुतेक घरी पैसे संपत आले की स्वस्तात मिळतील ती दारे-खिडक्या बसवतात. पण घर तापणार की गार राहणार, हे छपराखालोखाल त्यांच्यावरच असते. म्हणून मी आजीला, सुतारकाकांना व गुरुजींना विचारून ही माहिती जमवली.

पूर्वीच्या माळवदाच्या घरांच्या भिंती जाडजूड, खिडक्या लहान. छताला साणं असे. त्यातून उजेड येई आणि गरम हवा वर जाऊन बाहेर पडे. आता भिंती पातळ झाल्या, वर पत्रा किंवा स्लॅब आला. तेव्हा खिडकीचा विचार जास्तच करावा लागतो.

पहिली गोष्ट दिशा. आजी म्हणते, "मावळतीला खिडकी नको रं, सांजच्याला घर भट्टीवानी होतंय." ते खरेच आहे. संध्याकाळचा सूर्य खाली असतो, ऊन थेट आत घुसते, छज्जा अडवू शकत नाही. दक्षिणेचे तसे नाही. मे महिन्यात दुपारी सूर्य डोक्यावर असतो, त्यामुळे लहान छज्जाही पुरतो. थंडीत मात्र तिरपे ऊन आत येते, ते हवेसेच वाटते. उत्तरेच्या खिडकीतून उजेड भरपूर, ऊन थोडे.

दुसरी गोष्ट आकार. २०१८ साली सरकारने घरांसाठी ऊर्जाबचतीचे नियम केले. उष्ण व कोरड्या भागात खिडक्यांची उघडणारी जागा जमिनीच्या किमान एक दशांश असावी, असे त्यात आहे. खोली १० फूट बाय १२ फूट, म्हणजे १२० चौरस फूट. उघडी जागा हवी १२ चौरस फूट. ३ फूट बाय २ फुटांच्या दोन खिडक्या झाल्या! त्या समोरासमोर असल्या की वारा आरपार जातो.

वडिलांना काचेची सरकती खिडकी ऐटबाज वाटते. पण ती निम्मीच उघडते. शिवाय काचेतून ऊन आत येते, पण तापलेल्या घरातली उष्णता लवकर बाहेर जात नाही. म्हणून आतल्या पडद्यापेक्षा बाहेरचा छज्जा किंवा ताटी बरी. पत्र्याचे दार लगेच तापते, लाकडाचे तितके तापत नाही. पत्र्याचेच घ्यायचे तर पांढरा रंग द्यावा. दुपारी खिडक्या बंद ठेवाव्यात, रात्री उघडाव्यात.

आजीची बाज पश्चिमेच्या भिंतीलाच असते. गुरुवारी गवंडी त्या भिंतीत चौकट बसवणार होते. मी वहीतले गणित वडिलांना दाखवले. आता ती चौकट उत्तरेला बसणार आहे.

मित्रांनो, तुमची खोली मोजा, खिडक्या मोजा आणि एक दशांश होतात का, ते पाहा.

— एक विद्यार्थी, इयत्ता सातवी