शिक्षणासाठी गाव निवडताना

बारावीचा निकाल लागला की तालुक्याच्या पेठेतील अनेक व्यापारी घरांत, दुकान वाढवल्यानंतर, एकच विषय निघतो. मुलीला उत्तम गुण मिळालेले असतात आणि तिला अभियांत्रिकीला जायचे असते. धाकटा आठवीत असतो. आजीचे म्हणणे, पोरीला परगावी एकटी ठेवू नका. आई म्हणते, मीच दोघांना घेऊन जाते. वडील मात्र काही बोलत नाहीत. शहरातील घरभाडे आणि गावातील उधारी हे दोन आकडे त्यांच्या मनात एकाच वेळी फिरत असतात.

समाजाला हा प्रश्न नवा नाही. त्याचे उत्तर मात्र पूर्वी वेगळे होते. १८९९ मध्ये स्तवनिधी येथे दक्षिण भारत जैन सभेची स्थापना झाली. त्यानंतर थोड्याच वर्षांत, राजर्षी शाहू महाराजांच्या काळात, कोल्हापुरात जैन बोर्डिंग उभे राहिले. कुंभोजचे भाऊराव पाटील याच बोर्डिंगमध्ये विद्यार्थी म्हणून राहिले. पुढे, १९१९ मध्ये, त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि खेड्यापाड्यांतील मुलांसाठी वसतिगृहांची परंपरा निर्माण केली. मुंबईत १९१५ मध्ये श्री महावीर जैन विद्यालय सुरू झाले, तेही याच गरजेतून. त्या काळी मुलगा शिकायला जाई आणि घर जागेवर राही. आता मुलीही शिकतात आणि वर्गाबरोबर शिकवणीही लागते. घरच्या आहाराची आणि आचाराची काळजी असतेच. त्यामुळे अनेकदा घरच उठून शहरात जाते. म्हणून गावाची निवड हा संपूर्ण कुटुंबाचा निर्णय झाला आहे.

या निर्णयात सर्वांत मोठी चूक होते ती ‘स्वस्त’ या शब्दाचा अर्थ लावताना. भाडे कमी म्हणून गाव स्वस्त ठरत नाही. मुलांचे शिक्षण पुरे होईपर्यंत कुटुंब एकमेकांच्या हाताशी राहील आणि परत येताना दुकान उभे असेल, असे गाव खरे स्वस्त. हे तपासण्याची रीत व्यापाऱ्याला शिकवावी लागत नाही. माल घेताना तो केवळ खरेदीचा भाव पाहत नाही. वाहतूक, हमाली, तूट आणि अडकलेल्या रकमेचे व्याज धरूनच पडता काढतो. गावाचाही पडता तसाच काढावा.

पहिली बाब घरभाड्याची. दोन शहरांतील भाड्यात दरमहा १०,००० रुपयांचा फरक धरला, तर अभियांत्रिकीच्या चार वर्षांत तो ४,८०,००० रुपये होतो. करार बहुधा अकरा महिन्यांचा असतो आणि नूतनीकरणाच्या वेळी भाडे वाढते. अनामत रक्कम तेवढा काळ अडकून पडते. दुसरी बाब प्रवासाची. महाविद्यालय, शिकवणी आणि मंदिर चालण्याच्या अंतरावर असेल, तर घरात एक दुचाकी कमी लागते. तिसरी बाब ये-जा करण्याची. वडिलांना आठवड्यातून एकदा शहरात आणि आईला महिन्यातून दोनदा गावी जावे लागणार. मार्च २०२३ पासून एस.टी.मध्ये महिलांना निम्म्या तिकिटात प्रवास करता येतो, ही सवलतही हिशेबात धरावी. शेवटची नोंद बहुतेक घरे करीतच नाहीत. ती म्हणजे एका घराच्या दोन चुली. किराणा, दूध, वीज, गॅस हे सर्व दोन ठिकाणी लागते आणि ही वाढ भाड्याइतकीच जाणवते.

जतसारख्या तालुक्याच्या पेठेतील एखादे कुटुंब डोळ्यांसमोर आणले, तर हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. अशा घरात पहिले नाव निघते ते पुण्याचे. तेथील संस्था थोर आहेत, नोकरीच्या संधीही मोठ्या आहेत. परंतु वडिलांना शनिवारी रात्री दुकान वाढवून निघायचे आणि सोमवारी सकाळी गादीवर बसायचे, हा क्रम पुण्याशी फार काळ जमत नाही. सांगली-मिरज ही जुळी शहरे मात्र त्याच जिल्ह्यात आहेत. सांगलीतील विलिंग्डन महाविद्यालय १९१९ पासून चालू आहे. वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय १९४७ मध्ये सुरू झाले आणि पुढे त्याला सोलापूरच्या जैन घराण्यातील उद्योगपती वालचंद हिराचंद यांचे नाव मिळाले. मिरजेत १९६२ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. वाणिज्य, विज्ञान, अभियांत्रिकी आणि वैद्यक अशा चारही वाटा एकाच नगराच्या परिसरात असल्यामुळे थोरलीबरोबर धाकट्याचाही विचार होतो. त्याच्यासाठी चार वर्षांनी पुन्हा गाव बदलावे लागत नाही. शिवाय सांगलीची पेठ हळदीची आणि बेदाण्याची. व्यापाऱ्याला ती परकी नाही. तेथे जुने अडते आणि ओळखीच्या पेढ्या असतात.

तरीही सांगलीत घर घेताना भाड्याआधी एक प्रश्न विचारावा, तो म्हणजे पुराच्या पाण्याचा. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले आणि पेठेतील दुकाने, तळमजल्यावरील घरे पाण्याखाली गेली. २००५ आणि २०२१ मध्येही पूर आला होता. नदीकाठच्या भागात घर कमी भाड्यात मिळाले, तरी २०१९ मध्ये त्या इमारतीत पाणी कोठपर्यंत आले होते, हे शेजाऱ्यांना विचारल्याशिवाय अनामत देऊ नये.

प्रत्येक गावाचा असा एक ऋतू असतो आणि तो पाहूनच निर्णय घ्यावा. अकरावी-बारावीच्या तयारीसाठी लातूरचे नाव सर्वतोमुखी आहे. दोन वर्षांसाठी आई आणि मुले तेथे राहतात, अशी कुटुंबे मराठवाड्यात पुष्कळ आहेत. पण एप्रिल २०१६ मध्ये याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले होते. तेथे घर पाहताना कूपनलिका, टाकी आणि उन्हाळ्यातील टँकरचा खर्च विचारावा. पाणी गाळून वापरणाऱ्या घराला हा प्रश्न दुहेरी महत्त्वाचा आहे.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर या भागांतील कुटुंबांनी आपल्याच जिल्ह्याचा विचार प्रथम करावा. सोलापुरात श्री ऐलक पन्नालाल दिगंबर जैन पाठशाळेने चालविलेले वालचंद कला व शास्त्र महाविद्यालय आणि १९८३ मध्ये स्थापन झालेली वालचंद तंत्रशास्त्र संस्था आहे. कराडला १९६० पासून शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे आणि ते गाव पुणे-बंगळूर महामार्गावर असल्याने ये-जा सुलभ होते. इचलकरंजीच्या वस्त्रव्यवसायातील घरांना वस्त्रतंत्रज्ञानाचे शिक्षण गाव न सोडता मिळते. कोल्हापुरात १९६२ मध्ये स्थापन झालेले शिवाजी विद्यापीठ आहे. मोठ्या शहराच्या नावापुढे ही जवळची नावे फिकी वाटतात आणि न तपासताच मागे पडतात, हे योग्य नव्हे.

शुल्काच्या बाबतीतही नीट माहिती घ्यावी. २०२४-२५ पासून महाराष्ट्रात, ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मात्र प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. व्यवस्थापन कोट्यातील जागेला हा लाभ नाही. लाखो रुपये भरून मोठ्या शहरात जागा घेण्यापूर्वी आवश्यक ते प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवणे अधिक शहाणपणाचे. सीमाभागातील ८६५ गावांतील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी प्रवेशप्रक्रियेत वेगळी तरतूद आहे, हे निपाणी-बेळगावकडील पालकांनी लक्षात ठेवावे.

आता दुकानाचा प्रश्न. काही घरे मुलांबरोबर व्यवसायही हलवितात. त्याच राज्यात दुसरे दुकान उघडायचे असल्यास जीएसटी नोंदणीत ते अतिरिक्त व्यवसायस्थान म्हणून दाखविता येते. मुख्य ठिकाणच बदलले, तर १५ दिवसांच्या आत दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. कर्नाटकातून महाराष्ट्रात यायचे असेल, तर नवी नोंदणी घ्यावी लागते. ही कागदपत्रे होतात. होत नाही ते एवढेच की, तीन पिढ्यांची पत नव्या गावी सोबत येत नाही. गावात ज्याच्या शब्दावर पोते उतरते, त्याला शहरात रोखीने माल उचलावा लागतो. आणि मागे राहिलेली उधारी, मालक समोर दिसेनासा झाला की, हळूहळू बुडू लागते. म्हणून पहिली दोन वर्षे तरी दुकान जागेवर ठेवावे, हेच बहुतांशी हिताचे ठरते.

राहिला धर्माचरणाचा विषय. सूर्यास्तापूर्वी जेवण, कंदमूळाचा त्याग, गाळलेले पाणी आणि सकाळचे देवदर्शन हे घरात सहज चालते. खानावळीत त्यासाठी रोज झगडावे लागते. म्हणून मुलीला वसतिगृहात ठेवायचे असो वा आईने सोबत जायचे असो, एक गोष्ट आधी पाहावी. महाविद्यालयाचे शेवटचे तास किती वाजता सुटतात आणि मंदिर वा समाजाचे भोजनगृह तेथून किती दूर आहे? पाच वाजता सुटणाऱ्या मुलीला हिवाळ्यात सूर्यास्तापूर्वी जेवायचे असेल, तर अर्ध्या तासाचे अंतरही फार होते.

शेवटी ज्येष्ठांचा विचार. कुटुंब गेल्यावर आजी कोणाजवळ राहणार, हा प्रश्न घरात सर्वांत शेवटी विचारला जातो. तो पहिला असावा. जवळचे गाव निवडले तर उत्तर सोपे होते. आई सोमवार ते शुक्रवार मुलांजवळ आणि शनिवार-रविवार घरी, किंवा आजीच सहा महिने नातीकडे, असे काही जमविता येते. लांबच्या शहरात हे मार्ग बंद होतात आणि वर्षभरात घराचे दोन भाग पडतात.

अर्ज भरण्यापूर्वी दोन-तीन गावांची यादी करून, मुलीला बरोबर घेऊन, प्रत्येक ठिकाणी एक दिवस आणि एक रात्र राहून यावे. सकाळी मंदिरात जावे, दुपारी महाविद्यालय पाहावे, संध्याकाळी पेठेत एखाद्या जुन्या पेढीवर बसावे आणि रात्री त्या घरापासून बसस्थानकापर्यंत चालून पाहावे. परत आल्यावर सर्वांसमोर वही उघडून पडता मांडावा आणि त्यात मुलीचेही मत लिहावे. ज्या चार वर्षांसाठी ही सारी धडपड आहे, ती वर्षे तिची आहेत. आणि आठवड्याच्या शेवटी ज्या घरी ती परत येणार, त्या घराचे दार उघडे राहील असे गाव निवडणे, हे पालकांचे काम.