कोकण रेल्वे : यंत्रणा सक्षम, तर काम वेगात

▪ यंत्रणा : जुलै १९९० मध्ये स्वतंत्र महामंडळ. रेल्वे मंत्रालयासोबत महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक, केरळ भागीदार.

▪ नेतृत्व : ई. श्रीधरन अध्यक्ष व व्यवस्थापकीय संचालक. मार्गाचे टप्पे पाडून प्रत्येकाची जबाबदारी मुख्य अभियंत्यावर, निर्णय जागेवरच.

▪ पैसा : भागभांडवलाला कर्जरोख्यांची जोड.

▪ काम : रोहा ते मंगळूर सुमारे ७४० किलोमीटर, ९० हून अधिक बोगदे.

▪ पूर्तता : जानेवारी १९९८ मध्ये संपूर्ण मार्गावर गाड्या.

▪ त्याच कोकणात : मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झाले. भूसंपादनातील दिरंगाई आणि रखडलेले ठेके यांमुळे ते दशकाहून अधिक काळ लांबले.

▪ धडा : निधी मंजूर होणे पुरेसे नाही, अधिकार, जबाबदारी आणि वेळेत ताब्यात आलेली जमीन हवीच.